मिस्त्रींचं लिनक्स

शिलाई मशीन दुरुस्तीला आलं की मिस्त्री लगेच पाना हातात घेत नसत. आधी मशीनवर तळहात ठेवत, मग चाक एकदा सावकाश फिरवत आणि मान जरा तिरकी करत. लोखंडाच्या पोटात कुठे खुपतंय ते आधी त्यांच्या हाताला कळायचं, कानाला त्यानंतर. "पट्टा चांगला आहे, आत तेल वाळलंय," असं म्हणून ते मोकळे होत, आणि मशीन आणणारीनं वाटेत जुळवून आणलेली तक्रार तिच्या तोंडातच राहायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला फळ्यांचं दार, आत एक लांब टेबल, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले चामडी पट्टे, पत्र्याच्या डब्यांतून स्क्रू, आणि जमिनीवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा डाग, जो आता फरशीचाच रंग झाला होता. मागच्या खोलीच्या खिडकीशी वहिनींचं, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचं, स्वतःचं मशीन. त्या कपडे शिवत. दोन खोल्यांच्या मधे एक पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दिवसभर बोलणं चालू. आम्ही शेजारी बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत असू. त्यामुळे रेडिओची उणीव आम्हाला कधी भासली नाही.

मिस्त्रींचा एक हट्ट होता. जी वस्तू आपण शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवून पुन्हा जोडली नाही, ती आपली नव्हे. घरात नवा पंखा आला की तो लागायच्या आधी टेबलावर उघडा पडायचा. भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा पंप, वहिनींची इस्त्री, कुणाचीच यातून सुटका नव्हती. वहिनी म्हणायच्या, "माझं नशीब, मला तेवढं अख्खं ठेवलं."

"तुझे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून," मिस्त्री पडद्याआडून म्हणत.

अशा माणसाचे हात थरथरायला लागले.

आधी कुणाला कळलं नाही. चहाच्या कपाची बशीवर किणकिण व्हायची, ती आम्ही ऐकली पण मनावर घेतली नाही. मग बारीक स्क्रू हातून सुटायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे हात आता पहिल्यासारखे होणार नाहीत. औषधानं थोडा आराम पडेल. मिस्त्रींनी औषध घेतलं आणि काम चालू ठेवलं. एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं मशीन त्यांनी जोडून दिलं आणि ते दोन दिवसांत परत आलं. टाके सुटत होते. बाई भली होती. म्हणाली, "असू दे मिस्त्री, होतं असं कधीकधी." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या मऊ बोलण्यानं मिस्त्री जे खचले, ते संध्याकाळपर्यंत स्टुलावरून उठले नाहीत.

त्याच सुमारास वहिनींचा धाकटा भाऊ आला. तो एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. कॉलेजानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यानं ताईला आधीच आणून दिला होता आणि त्यावर कपड्यांचे काप, म्हणजे कापायचे नमुने, काढायला शिकवलं होतं. वहिनींनी बघता बघता ते उचललं. गळा, बाही, खांदा, कंबर, प्रत्येक मापाचे काप त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काढून ठेवत आणि कागदावर छापून कापडावर मांडत. मिस्त्रींना त्या डब्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं, कारण तो त्यांनी उघडून पाहिला होता आणि आत बघण्यासारखं काही हललं नव्हतं.

"आत नुसत्या हिरव्या पाट्या," ते मेहुण्याला म्हणाले. "काम कोण करतं त्यात?"

"सॉफ्टवेअर करतं, भाऊजी. ते डोळ्यांना नाही दिसत."

"मग ते उघडता येत नाही."

"येतं की," मेहुणा म्हणाला. तो सहज बोलून गेला, आणि तिथेच फसला. "ताईचा कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम लिनक्स आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांना मोकळा आहे. आम्ही तयार शिवलेला कपडा घ्यावा तसं तयार लिनक्स घेतो. पण काही वेडे लोक एकेक भागाचा मजकूर आणतात, स्वतः कंपाइल करतात, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणतात, आणि सगळी सिस्टीम पहिल्या टाक्यापासून स्वतः उभी करतात. ते कसं करायचं याचं मार्गदर्शक पुस्तकही आहे. एकेक पायरी लिहिलेली."

"काय उपयोग त्याचा?"

"उपयोग काही नाही. आत काय आहे ते कळतं."

मिस्त्रींनी मान तिरकी केली. बऱ्याच दिवसांनी.

मेहुण्यानं हात जोडले, की भाऊजी, हे नवशिक्यांचं काम नाही, माझे विद्यार्थी रडतात. पण मशीनच्या माहितीपुस्तिका वाचून वाचून मिस्त्रींना इंग्रजी वाचता यायचं, आणि पायरी सोडून न चालणं तर त्यांच्या रक्तातच होतं. शेवटी मेहुण्यानं ते मार्गदर्शक कागदावर छापून आणलं आणि कॉम्प्युटरच्या डिस्कवर एक कोपरा वेगळा काढून दिला. जुनी सिस्टीम आहे तशी राहील, तिच्यावर उभं राहून या कोपऱ्यात नवी बांधायची.

मेहुणा गेल्यावर मिस्त्री वहिनींना जे म्हणाले, ते बाकापर्यंत ऐकू आलं.

"हे बघ. ही सिस्टीम माझ्या हातानं उभी राहिली, तर दुकान चालू. नाही राहिली, तर मी दुकान बंद करणार. पुन्हा त्यावर चर्चा नको."

वहिनींचं मशीन थांबलं. "दुकानाचा आणि त्या डब्याचा काय संबंध?"

"जोडणारा माणूस आहे की संपला, एवढंच बघायचंय मला."

वहिनींचं मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांना नवरा पुरता ठाऊक होता. पैज दुसऱ्याशी असती तर त्यांनी मोडून काढली असती. स्वतःशी लावलेल्या पैजेत मधे पडायला जागा नव्हती.

मग ते सुरू झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि दुपारी जेवणानंतर मिस्त्री मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसत. आलेली मशीनं टेबलाखाली तशीच राहू लागली. ते एका बोटानं टाइप करायचे, आणि ते बोटही थरथरायचं, त्यामुळे एकेक अक्षर दोनदा पडायचं. ओळ लिहायची, चूक खोडायची, पुन्हा लिहायची. वहिनींचा एक कपडा शिवून व्हायचा तेवढ्यात यांच्या चार ओळी होत.

पण त्यांना त्यात रस होता, हे मी कबूल केलं पाहिजे. बाकावर येऊन ते आम्हाला सांगत. "गंमत ऐका. मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा एक कंपायलर असतो. तोही मजकूरच. मग पहिला कंपायलर कोण तयार करणार? तर जुन्या सिस्टीमचा कंपायलर. उसन्या हत्यारानं आपलं हत्यार घडवायचं. पण त्याला जुन्या घराचा वास राहतो. मग त्या हत्यारानं पुन्हा तेच हत्यार घडवायचं, म्हणजे वास जातो."

"म्हणजे विहिणीकडून आणलेल्या विरजणासारखं," आमच्यातला एक दूधवाला म्हणाला. "पहिलं दही तिचं, दुसरं अर्धं तिचं, मग आपलं."

मिस्त्रींना हे आवडलं नसावं, कारण ते उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोनवर सांगताना त्यांनी विरजणच सांगितलं, आणि दूधवाल्याचं नाव काही घेतलं नाही.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या की ते हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसायचे. काळ्यावर पांढरी अक्षरं, पावसाळी पन्हाळीतून पाणी जावं तशी वरून खाली. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता यायचं नाही, इतकं ते भरभर जाई. पण ओळी अडखळल्या, की त्यांच्या लगेच लक्षात यायचं. "आता याला जड जातंय," म्हणायचे. आणि ते खरंही असायचं की काय कोण जाणे; आम्ही हो म्हणायचो.

निम्मं काम झालं. पहिली हत्यारं तयार झाली. इथे मार्गदर्शकात एक पायरी अशी येते, की आता जुन्या घरातून नव्या घरात शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. एक आज्ञा दिली की यंत्राला तो छोटा कोपराच सगळं जग वाटायला लागतं. त्यानंतर जे काही बसवाल ते नव्या घरात बसतं. फक्त एक ध्यानात ठेवायचं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, की आपण परत जुन्या घरात उभे असतो. पुन्हा आत शिरावं लागतं. आत आहोत की बाहेर, हे ओळखायला ओळीच्या सुरुवातीला एक खूण उमटते, तेवढीच.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. आली तेव्हा मिस्त्री जेवत होते. ताटावरूनच उठले, हात धुतले, कॉम्प्युटर चालू केला, आणि जिथे ओळ थांबली होती तिथून पुढे सुरू केली. मोठा भाग होता, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं तो. मालकाच्या अधिकारानं त्यांनी तो बसवायची आज्ञा दिली. ओळी धावल्या. मिस्त्रींनी मांडीवर हात ठेवले.

ते जुन्या घरात उभे होते.

नव्या घराचा पाया जुन्या घराच्या पायात जाऊन बसला, आणि जुन्या घराच्या भिंतींना तो मानवला नाही. पुढची आज्ञा दिली, ती चालली नाही. त्याच्या पुढची, तीही नाही. नुसती फाइलींची नावं दाखव म्हटलं, तेही होईना. बंद करून चालू केला, तर काळ्या पडद्यावर एक टिंब लुकलुकत राहिलं.

"अहो," वहिनी आपल्या मशीनवरून म्हणाल्या, "मला एक बाही छापून हवी होती. होतंय का तुमचं?"

त्या उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. दोघं त्या टिंबाकडे बघत होती.

"माझे काप?" वहिनी म्हणाल्या.

"आत आहेत."

"आत म्हणजे कुठे?"

"ते आता मला सांगता येत नाही."

भांडण झालं असतं तर गल्लीला सवयीचं होतं. पण त्या दिवशी वहिनींनी मूग गिळले. खिडकीशी जाऊन बसल्या, आणि त्यांचं मशीन असं पळायला लागलं की कापडाची कीव यावी. मिस्त्री बाहेर आले, आणि मशीन घेऊन आलेल्या एका शिंप्याला दारातूनच म्हणाले, "दुकान बंद केलंय मी. दुसरीकडे न्या."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

मेहुणा सुट्टी बघून आला. येताना एक पेन ड्राइव्ह आणला, त्याच्यावरच सिस्टीम होती; तिच्यावर कॉम्प्युटर चालू केला आणि डिस्कच्या आत डोकावून पाहिलं. सगळे काप जागच्या जागी होते. गळे, बाह्या, खांदे. मोडलं होतं ते घर, सामान शाबूत होतं. वहिनींनी एकेक फाइल उघडून बघितली, आणि तेव्हा कुठे चहा टाकला.

"भाऊजी, तुम्ही आत न शिरताच बसवलंत," मेहुणा म्हणाला.

"माहीत आहे. हात गेला आणि डोकंही गेलं. जाऊ दे. संपलं ते."

"हाताचा काय संबंध? हे सगळ्यांचं होतं. मी शिकत होतो तेव्हा प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर असाच घालवला होता, आणि माझे हात तेव्हा फर्स्टक्लास होते."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलंय का?"

हे मात्र मिस्त्रींना पटलं.

मेहुण्यानं जुनी सिस्टीम पुन्हा बसवून दिली. नव्याचा कोपरा होता तसाच होता. तिथून पुढे चालू करता आलं असतं. मिस्त्री त्याकडे बघेनात. दोनेक दिवस असे गेले. मग एका सकाळी वहिनींनी आपलं स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढे ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा तो कागद. तुम्ही वाचा, मी टाइप करते. माझी बोटं सरळ पडतात."

"मग ते माझ्या हातानं झालं असं कसं होईल?"

"नाही होणार. तुमच्या हातानं काय होतं ते मागच्या आठवड्यात बघितलं मी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "अहो, माझे काप आत अडकले ना, तेव्हा मला एक कळलं. रोज ज्याच्यावर बसते त्याचं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मला आत बघायचंय. तुमची पैज तुमच्याजवळ ठेवा. आणि मध्येच नाही बसणार मी. पहिल्यापासून."

मिस्त्री उभेच राहिले. जोडणाऱ्या माणसाला नुसतं वाचणारा होणं किती जड जातं, हे मी त्यांच्या पाठीकडे बघून समजलो. शेवटी त्यांनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.

पहिल्यापासून सुरू झालं. आणि आता पडद्याच्या दोन्ही बाजूंचं बोलणं एकाच बाजूला आलं. वहिनी कापड कापायच्या आधी माप दोनदा घेत, तसंच त्यांनी इथे केलं. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी, एंटर दाबायच्या आधी, ओळीच्या सुरुवातीची खूण मोठ्यानं वाचायची आणि विचारायचं.

"आत की बाहेर?"

"आत," मिस्त्री म्हणायचे.

"तुम्ही बघितलं का नुसतं म्हणालात?"

"बघितलं गं."

"मग एंटर."

मार्गदर्शकात बारीकसारीक पायऱ्या होत्या. हा गठ्ठा उघडा. त्याच्या आत जा. काम झालं की बाहेर या. गठ्ठा फेकून द्या. दर वेळी तेच. वहिनी वैतागल्या. "बाहेर या, हे काय सांगायचं? काम झालं की माणूस बाहेर येतोच."

"मी आलो नव्हतो," मिस्त्री म्हणाले. "एकदा आतच राहिलो आणि तिथेच दुसरा गठ्ठा उघडला. म्हणून लिहिलंय. कुणीतरी राहिलं असणार, त्याशिवाय कुणी असं लिहीत नाही."

ते बोलून त्यांनी कागद खाली केला. ज्यानं हे लिहिलं त्याला आपण ओळखत नाही, तो कुठे राहतो माहीत नाही. पण त्याचं बोट कुठे घसरलं असेल, कुठे घाई झाली असेल, ते त्यानं आपल्यासाठी राखून ठेवलं. मिस्त्री मला नंतर म्हणाले, की त्या घडीला त्यांना स्वतःचाच थोडा राग आला. का ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी कर्नल आला, म्हणजे सिस्टीमचं काळीज. त्यात काय काय घ्यायचं ते आपण निवडायचं असतं, लांबलचक यादीतून. मिस्त्री काटकसरी माणूस. हे नको, ते नको, याची काय गरज, असं करत त्यांनी वहिनींना सपाट्यानं नाही नाही म्हणायला लावलं. नव्या सिस्टीमवर कॉम्प्युटर चालू केला, तर ओळी धावल्या, धावल्या, आणि मध्येच थबकल्या. यंत्र घाबरल्याचा संदेश आला. मूळ घर सापडत नाही.

वहिनी स्टुलावरून उठल्या. "काप?"

"काप जुन्या घरात आहेत, सुखरूप आहेत. हे नवंच अडलंय." मिस्त्रींचा आवाज शांत होता. बंद पडलेल्या मशीनपुढे त्यांचा आवाज असाच असायचा. त्यांनी मान तिरकी केली. "इथवर आला, म्हणजे काळीज चालू झालं. घर सापडेना, म्हणजे याला डिस्क दिसत नाही. डिस्क वाचायचा भाग आपण घेतलाच नाही. डिस्क आहे की आपल्याकडे, मग कशाला घ्यायचा, असं म्हणून मीच नाही म्हटलं."

"डोळे नको, समोर भिंत आहेच की, असं झालं ते."

"तसंच. चल, मागे जा. वाचतो."

पुन्हा निवडलं, पुन्हा कंपाइल केलं. दुपार झाली. वहिनींनी मधे एक झबलं शिवून संपवलं. मग पुन्हा चालू केलं. ओळी धावल्या, आणि या वेळी थबकल्या नाहीत. शेवटी पडदा रिकामा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक ओळ उभी राहिली. नाव विचारत होती.

एवढंच. ना चित्र, ना रंग, ना आवाज.

आम्ही बाकावरचे सगळे आत येऊन बघून गेलो. दूधवाला म्हणाला, "हे काय करतं?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "उभं आहे."

"मग पैज जिंकलात."

मिस्त्रींनी हातांकडे बघितलं. मांडीवर ठेवलेले ते हात तेव्हाही थरथरत होते. "नाही," ते म्हणाले. "माझ्या हातानं एक अक्षरही नाही पडलं. आणि तसं बघितलं तर हिच्याही नाही. मजकूर कुणाचा, कंपायलर कुणाचा, कागद कुणी लिहिला. आम्ही फक्त आहोत तिथे नीट उभे राहिलो."

"म्हणजे दुकान बंदच?" वहिनींनी विचारलं.

मिस्त्री ओळीकडे बघत राहिले, आणि आम्ही एकेक करून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई दारात आली. रिक्षातून मशीन उतरवून धापा टाकत होती. ती नवीन होती, दुकान बंद झाल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. "टाका धरतच नाही," ती म्हणाली. "वरचा दोरा खालच्याला भेटत नाही. उद्या कपडे द्यायचेत."

मिस्त्री टेबलाशी उभे होते. मी वाट बघत होतो, की आता ते दुसरीकडे न्या म्हणतील.

"ठेवा," ते म्हणाले. आणि पडद्याकडे वळून, "अगं, जरा इकडे येतेस?"

वहिनी आल्या. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. तो हवेत हलत होता.

"मी काही तुमचे हात व्हायला येणार नाही," वहिनी म्हणाल्या. स्क्रूड्रायव्हर त्यांनी घेतला नाही. "माझं शिवणकाम आहे. शिकवणार असाल तर येते. कळेल असं सांगायचं, आणि मी विचारलं की चिडायचं नाही."

मिस्त्रींनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. शिकायला आलेल्यांना ते म्हणायचे, बघ आणि शिक, तोंडानं काय सांगायचं असतं. आणि आलेले बघून बघून कंटाळून निघून जायचे. वहिनींना हे ठाऊक होतं. म्हणून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"नाही चिडणार," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मशीनवर तळहात ठेवला, चाक फिरवलं. मग हात काढला. "सुई खाली तळाला जाते. तिथून जरा वर यायला लागली, की तिच्या मागं दोऱ्याचा फास सुटतो. त्याच वेळी खालचा दोरा धरणाऱ्या शटलचं टोक त्या फासातून जायला हवं. याचं टोक उशिरा येतंय, फास तोवर मिटतो. शटलच्या दांड्यावर एक स्क्रू आहे, तो सैल कर."

"हा?"

"त्याच्या शेजारचा."

"किती सैल करू?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

मिस्त्रींचं तोंड उघडं राहिलं. चाळीसेक वर्षं त्यांच्या हाताला जे माहीत होतं ते तोंडाला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांची बोटं हवेत स्क्रू फिरवत होती, पण शब्द येईना. तरुण बाई एकदा यांच्याकडे, एकदा वहिनींकडे बघत होती.

"दांडा बोटानं ढकलला तर फिरेल," मिस्त्री सावकाश म्हणाले, "पण सोडला तर आपणहून घसरणार नाही. इतका."

वहिनींनी स्क्रू फिरवला, दांडा ढकलून बघितला, सोडून बघितला. "हां. झालं."

"आता दोरा ओव. चाक तुझ्याकडे फिरव, हळू. सुई तळाला गेली? आता वर येऊ दे. फास दिसतो का?"

"दिसतो. बारीक आहे."

"केवढा?"

"तिळाएवढा."

"मग अजून वर. तांदळाएवढा झाला की थांब."

"झाला."

"आता शटलचं टोक फिरवून बरोबर त्याच्यात आण. सुईला घासू नकोस. मधे एक केसभर जागा ठेव."

"कुणाचा केस? तुमचा की माझा?"

"तुझा. माझे उरलेत कुठे?"

तरुण बाई हसली, आणि मग तिला राहवलं नाही. "मिस्त्री, तुम्ही स्वतः नाही करणार?"

"करतोय की," मिस्त्री म्हणाले. डोळे वहिनींच्या हातावर होते. "हं, आता स्क्रू आवळ. आधी अर्धाच. मग चाक फिरवून बघ टोक हललं का, आणि मग पुरा."

"पुरा म्हणजे किती?" वहिनींनी विचारलं.

मिस्त्री विचार करायला लागले.